भोपळ्याचं सूप

परक्या फौजा देशात नकोत, हे मेसिदोर मास्तर पोर्ट-ओ-प्रिन्सच्या सभांमधून चाळीस वर्षं ठणकावून सांगत आले होते. बंदूकधारी टोळ्यांनी निम्मं शहर गिळलं, सरकार चार इमारतींपुरतं उरलं, बाहेरून कुमक मागवायची की नाही यावर घरोघरी भांडणं झाली, तरी मास्तर हटले नाहीत. मग एका दुपारी टोळीने त्यांच्याच गल्लीला आग लावली. पाय लुळे पडलेल्या बायकोला, ओदिलियाबाईंना, उचलायची ताकद मास्तरांत नव्हती. तिला पाठुंगळीला घेऊन गोळीबारातून धावला तो शेवटी आलेल्या त्याच कुमकीतला, केनियाचा शिपाई किप्रोनो. ओदिलियाबाईंना ओरखडाही आला नाही. गोळी त्याच्या मांडीत घुसली.

एक जानेवारीला, स्वातंत्र्यदिनी, मास्तर भोपळ्याच्या सुपाचा डबा घेऊन दवाखान्यात आले आणि किप्रोनोला चमच्याचमच्याने भरवू लागले.

नर्स क्लेर्मीन त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती गालात हसली. "मास्तर, गोऱ्या मालकांना हाकललं त्या आनंदाचं हे सूप. आणि तुम्ही भरवताय कोणाला, तर परक्या शिपायाला! आता तरी म्हणा, राहू दे यांना इथे."

"मुळीच नाही." मास्तरांनी त्याची हनुवटी हलकेच पुसली. "याने परत जायलाच हवं. धडधाकट, स्वतःच्या पायांनी चालत. तिकडे याची आई वाट बघत असेल, पोरी."