जोडव्यांचं पाणी

"अण्णा, ही जोडवी आम्लात विरघळली की परत मिळणार नाहीत," प्रयोगशाळेत शर्वरी वडिलांना म्हणाली. "अंड्यांवरचे जंतू मारायला कुठलीही चांदी चालेल, मी बाजारातून आणते ना."

"बाजारच्या चांदीला आपली अंडी काय ठाऊक? घे," म्हणत अण्णांनी बायकोची जोडवी पुढे सरकवली. पोल्ट्रीतलं एकेक अंडं तीच पदराने पुसायची. ती गेल्यापासून अंडी नासत होती, गिऱ्हाइकं तुटत होती.

दुसऱ्या दिवशी शर्वरीने बाटली दाखवली. चांदीचे कण इतके बारीक होते की डोळ्यांना दिसत नव्हते, पाणी मात्र त्यांच्यामुळे हळदीसारखं पिवळं झालं होतं. त्यात बुडवलेली काही अंडी आणि काही न बुडवलेली तिने फ्रिजबाहेर ठेवली.

महिना सरल्यावर तिने न बुडवलेलं अंडं बशीत फोडलं आणि दोघांनी नाक धरलं. मग अण्णांनी पिवळ्या पाण्यातलं फोडलं. बलक अख्खा होता, वास नव्हता.

"जंतू वाढलेच नाहीत, अण्णा!"

"कसे वाढतील?" अण्णा म्हणाले. "तुझ्या आईने पुसलंय ते."