ओढ्यापलीकडची गाय

"नवरा वारला त्या दिवशी सगळी मालमत्ता आमच्या बिशपच्याच हद्दीत होती ना?" कारकुनाने टाक शाईत बुडवत विचारलं. इंग्लंडातल्या त्या परगण्यात मृत्युपत्रं चर्चचं कोर्टच तपासायचं.

"सगळी, साहेब," अ‍ॅग्नेस म्हणाली. नवऱ्याने तिच्या नावे गाय ठेवली होती आणि त्या दुधावरच तिचा हिवाळा निघायचा होता. पण हात बायबलवर होता, म्हणून बिचारी प्रामाणिकपणे पुढे बोलली, "गाय तेवढी ओढ्यापलीकडे चरत होती. तिकडचं गवत बरं असतं."

टाक थांबला. ओढ्यापलीकडे दुसऱ्या बिशपचा मुलूख होता.

"मग हे आमच्या हातात नाही, बाई. दोन बिशपांचा मामला म्हणजे थेट आर्चबिशपांचं कोर्ट. निकाल लागेपर्यंत गाय आहे तिथेच राहील. तिला हात लावायचा नाही."

"मग तिला चारा कोण घालणार? धार कोण काढणार?"

"त्याबद्दल कायद्यात काहीच लिहिलेलं नाही," कारकून अगदी सहानुभूतीने म्हणाला.

आर्चबिशपांनी घाई केली नाही. मृत्युपत्र खरं आहे हे पटायला त्यांना अख्खा हिवाळा लागला. गाईला तेवढी सवड नव्हती.

वसंतात हुकूम आला. कारकुनाने तो उभं राहून खणखणीत आवाजात वाचला: गाय विधवेचीच. "अभिनंदन, बाई! आता गाय अलीकडे आणलीत की नोंद करून टाकतो."

अ‍ॅग्नेसने काखेतली वळकटी सोडली आणि वाळलेलं कातडं त्याच्या टेबलावर, दौतीसकट सगळ्यावर पसरलं.

"आणलीय, साहेब. करा नोंद."