बरोबरीला नकार

थोरल्या नातवाचं लग्न झालं, त्या वर्षी तानूबाई मोबाइलवर बुद्धिबळ खेळायला लागल्या. बार्शीचा त्यांचा दादा पलीकडून खेळे आणि डाव संपला की फोनवर झाडाझडती घेई.

"देशी सवय सोड. इथं प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं. घोडा मात्र झकास नाचवतेस. वर्षात रेटिंग सहाशेवरून हजारावर नेलंस. पण जिंकत आलीस की घाबरतेस आणि समोरच्यानं बरोबरी मागितली की देऊन मोकळी होतेस. भित्री कुठली!"

पुढच्या माघात दादा दवाखान्यात होता. तिथूनच तो खेळायला बसला. तानूबाईंचं प्यादं आता वजीर होणार, तोच त्यानं बरोबरी मागितली.

"द्या की आत्या, आजारी माणूस आहे," सून म्हणाली.

"आजारी आहे, लेचापेचा नाही. दया दाखवली तर जन्मभर बोलेल मला."

त्यांनी नकार दाबला, प्यादं पुढं सरकवलं आणि थोड्याच चालींत मात केली. लगेच फोन वाजला. दादा खोकत खोकत हसत होता.

"सटवे, आजाऱ्यालाही सोडलं नाहीस!"

"भित्री म्हणालास ना? आता घे!"

दादा त्याच महिन्यात, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी वारला.