पायाखालचं दार

घर विकून नवऱ्याने कॅटमरान घेतली. दोन होड्यांवर मिळून एक खोली बांधावी, तशी शिडाची बोट. चूल त्याच्या पसंतीची, पडदे त्याच्या पसंतीचे, वाराही त्याच्याच मर्जीचा. आणि खोलीच्या एकमेव दारात दिवसभर दोर गुंफत तोच बसलेला.

"पायाखाली हे झाकण कसलं हो?" तिने विचारलं.

"बोट उलटली, तर बाहेर पडायला."

"आणि सरळ असताना?"

"सरळ असताना कुठे जायचंय तुला, वेडाबाई?" हसत हसत त्याने तिच्याकडून कडी उघडून घेतली, सराव म्हणून. खाली बांधलेली रबरी होडी डुलत होती.

दुसऱ्या सकाळी त्याने दारातूनच हाक मारली, "चहा टाकलास का गं?"


रबरी होडी किनाऱ्याला टेकवून तिने मागे पाहिलं. बोट अगदी सरळ होती.