हवा साफ करणारं रोपटं

गुढियारी वस्तीत कलावतीबाईंच्या गच्चीवर सकाळी पाऊल टाकलं की तळवे तव्याच्या बुडासारखे काळे होतात. नात चेतना खोकून खोकून बेजार झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हिला महिनाभर गावी न्या, हवापालट होईल."

मुलगा यशदीप लोखंडाच्या कारखान्यात कामाला. तो हसला. "आई, गावाले काहून न्याचं? मी हवाच घरी आणून देतो." पर्यावरण दिनाला कारखान्यानं वाटलेलं, हवा साफ करणारं रोपटं त्यानं लेकीच्या उशाशी ठेवलं. "याचे पानं रोज पुसत जाय, मंग पाहजो!"

"अन तुमच्या धुराड्याचं तोंड कोण पुसते?" कलावतीबाई म्हणाल्या. तरी त्या पानं पुसू लागल्या. फडकं रोज काळंकुट्ट होई. महिना सरला तरी पोट्टीचा खोकला हटला नाही, वर रोपट्यानंही मान टाकली. शेवटी त्या ते कडेवर घेऊन तेलीबांध्याच्या नर्सरीत गेल्या. माळ्यानं पानावरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं ते बोट दाखवत तो कलावतीबाईंना म्हणाला,



"दाई, इसको महीना भर के लिए गाँव भेज दो. हवा बदलेगी, तो जी जाएगा."