चौथी सून

उद्या साहेबांना दाखवायचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम तिसऱ्या दिवशीही अडकलेला बघून सुनेने कपाळावर हात मारला. मटार सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं, "आता काय बिघडलं गं?"

"आई, एकच काम पुष्कळ प्रोसेस, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या कामकरणीच म्हणा, मिळून करतात. प्रत्येकीला गटात नंबर असतो. एका गटातली पहिली दुसऱ्या गटात चौथी असू शकते. गट बदलला, पण नंबर बदलायला मी विसरले. जुन्याच नंबरांनी हुकूम सोडले आणि सगळ्या हँग!"

"अगं, माझंही तेच झालं होतं. माहेरी मी सगळ्यांत थोरली, इथे चौथी सून. आल्या आल्या तिन्ही मोठ्या जावांना कामं वाटून दिली."

"अगंबाई! मग?"


"मग काय, आठ दिवस चूल हँग होती."