मीठ मागणारी मुलगी

"ही चोरून मीठ खाते, डॉक्टर. कितीही ओरडले तरी ऐकत नाही," प्रमिलाताई म्हणाल्या. शेजारी बसलेल्या ऋजुताला हल्ली उभं राहिलं की चक्कर यायची.

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. "ओरडू नका. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतलं हार्मोन शरीरात मीठ धरून ठेवतं. हिच्या ग्रंथी ते बनवतच नाहीत. मीठ लघवीवाटे निघून जातं, रक्तदाब पडतो. म्हणून शरीर मीठ मागतंय. गोळ्या रोज घेतल्या, की ठणठणीत राहील."

ऋजुताचा जीव भांड्यात पडला. प्रमिलाताई मात्र थिजल्या.

"माझी थोरलीही अशीच मीठ खायची. मी बरणी कुलपात ठेवली. एकोणिसाव्या वर्षी गेली."

"तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं, ताई," डॉक्टर हळूच म्हणाले.

त्या संध्याकाळी प्रमिलाताई कपाटातला थोरलीचा फोटो मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पंधरा वर्षं त्या घरात तिचा विषय कुणी काढला नव्हता.

ऋजुता जवळ येऊन टेकली. "आई, मी दोन वर्षांची होते. मला ताई आठवतच नाही. कशी होती गं?"

प्रमिलाताईंनी फोटो तिच्याकडे वळवला.

"मृदुला ना?" प्रमिलाताईंनी डोळे पुसले. "हसायला लागली, की थांबायचीच नाही."